पहिली महिला विद्युत अभियंता : ए. ललिता

मुलांनो, संध्याकाळ झाली की तुम्ही भिंतीवरचे बटण दाबता आणि खोलीत दिवा लागतो. ही वीज तुमच्या घरात तयार होत नाही. ती दूर कुठेतरी, एखाद्या धरणापाशी किंवा कोळशावर चालणाऱ्या केंद्रात तयार होते. उंच मनोऱ्यांवर बांधलेल्या तारांमधून ती मोठा प्रवास करते आणि तुमच्या मोहल्ल्यापर्यंत येते. या तारा किती जाड असाव्यात, मनोरे किती अंतरावर असावेत, कुठे बिघाड झाला तर वीज आपोआप कशी बंद व्हावी, हे सारे कोणीतरी आधी हिशेब करून कागदावर आखलेले असते. हे काम विद्युत अभियंत्याचे. अभियंता म्हणजे इंजिनिअर.

एक काळ असा होता, की आपल्या देशात हे काम पुरुषांचेच आहे असे सगळे मानत. अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या वर्गात मुलगी दिसत नसे. त्या काळात एका तरुण विधवा आईने या वर्गात पाऊल टाकले. तिचे नाव अय्यलसोमयाजुला ललिता. लोक तिला ए. ललिता म्हणून ओळखतात. भारतात अभियांत्रिकीची पदवी मिळवणाऱ्या अगदी पहिल्या स्त्रियांपैकी ती एक. आज आपण तिची ओळख करून घेऊ.

ललिताचा जन्म २७ ऑगस्ट १९१९ रोजी मद्रास येथे झाला. या शहराला आज आपण चेन्नई म्हणतो. घर तेलुगू भाषकांचे होते. सात भावंडांमध्ये तिचा क्रमांक पाचवा. तिचे वडील पप्पू सुब्बाराव हे मद्रासजवळच्या गिंडी येथील अभियांत्रिकी महाविद्यालयात विजेचे शास्त्र शिकवत. घरात पुस्तके होती, यंत्रांच्या गोष्टी होत्या. पण त्या काळाच्या रीतीप्रमाणे मुलगे इंजिनिअर होत आणि मुलींचे शिक्षण थोडक्यात आटोपत असे. एकाच छपराखाली दोन वेगळे रस्ते होते. एक रस्ता लांब जात होता आणि दुसरा लवकर संपत होता.

१९३४ साली ललिताचे लग्न झाले. तेव्हा ती फक्त पंधरा वर्षांची होती. आज मुलीचे लग्न अठरा वर्षांच्या आधी करणे हा गुन्हा आहे. तेव्हाच्या कायद्यात ही मर्यादा चौदा वर्षांची होती. लग्न झाले, तरी वडिलांच्या आग्रहामुळे तिची शाळा सुटली नाही. तिने दहावीपर्यंतचे शिक्षण पूर्ण केले.

१९३७ साली तिला मुलगी झाली. घरात आनंद होता. पण चारच महिन्यांनी तिच्या पतीचे निधन झाले. अठरा वर्षांची ललिता विधवा झाली. तिच्या कुशीत तान्हे बाळ होते.

त्या काळी विधवेचे जीवन किती कठीण होते, याची कल्पना तुम्हांला येणार नाही. अनेक कुटुंबांत तिने समारंभात पुढे येऊ नये, रंगीत कपडे घालू नयेत, घराच्या एका कोपऱ्यात आयुष्य काढावे, अशी अपेक्षा असे. काही ठिकाणी तिचे केसही कापत. ललितालाही सासरी त्रास सोसावा लागला. मग तिने ठरवले, की आपण शिकायचे आणि आपल्या मुलीला आपल्या कमाईवर वाढवायचे. ती वडिलांच्या घरी परत आली आणि वडील तिच्या पाठीशी उभे राहिले.

मद्रासच्या क्वीन मेरीज कॉलेजमधून ललिताने इंटरमिजिएटची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण केली. आता पुढे काय? मुली तेव्हा वैद्यकीय शिक्षण घेऊ लागल्या होत्या, म्हणून डॉक्टर होण्याचा विचार तिच्याही मनात आला. पण डॉक्टरला रात्री-अपरात्री केव्हाही बोलावणे येते. लहान मुलीला सोडून रात्री बाहेर जाणे तिला नको होते. सकाळी जावे आणि संध्याकाळी घरी यावे, असा व्यवसाय तिला हवा होता. वडील आणि भाऊ ज्या क्षेत्रात होते, ते क्षेत्र तिला ओळखीचे होते. तिने अभियांत्रिकी शिकण्याचे ठरवले.

गिंडीचे महाविद्यालय फार जुने. १७९४ साली जमीन मोजण्याचे शिक्षण देणारी शाळा म्हणून त्याची सुरुवात झाली. इतक्या वर्षांत तिथे एकही मुलगी शिकली नव्हती. ललिताच्या वडिलांनी प्राचार्य के. सी. चाको यांच्याकडे आपल्या मुलीची गोष्ट काढली. मद्रास प्रांताचे शिक्षण संचालक आर. एम. स्टॅथम यांच्याशीही ते बोलले. दोघांनी या गोष्टीला पाठिंबा दिला. १९४० साली ललिताला विद्युत अभियांत्रिकीच्या चार वर्षांच्या अभ्यासक्रमात प्रवेश मिळाला.

मुलांनो, इथे थोडे थांबा आणि विचार करा. प्रवेश मिळाला म्हणजे सगळे झाले का? शेकडो मुलगे आणि त्यांत एकच मुलगी. वर्गात कोणाशी बोलायचे? एखादी गोष्ट समजली नाही तर कोणाला विचारायचे? वसतिगृहात संध्याकाळी कोणाबरोबर बसायचे? मुलगे तिच्याशी चांगले वागत होते. शिक्षकही मदत करत होते. तरीही वसतिगृहात तिला एकटे एकटे वाटे. तिची मुलगी घरच्यांपाशी राहत होती आणि ललिता सुट्टीच्या दिवशी तिला भेटायला जात असे.

हुशार विद्यार्थी नेहमी अभ्यास अवघड म्हणूनच मागे पडतो असे नाही. पुष्कळ वेळा तो एकटा पडतो, म्हणून मागे पडतो. सुब्बाराव शिक्षक होते. त्यांनी ही गोष्ट ओळखली. त्यांनी केवळ आपल्या मुलीची समजूत घातली नाही. महाविद्यालयात मुलींना प्रवेश मिळू शकतो, अशी जाहिरात त्यांच्या प्रयत्नाने देण्यात आली. ती वाचून आणखी दोन मुली पुढे आल्या. एकीचे नाव लीलम्मा जॉर्ज आणि दुसरीचे पी. के. थ्रेसिया. दोघींनी स्थापत्य अभियांत्रिकी, म्हणजे रस्ते, पूल आणि इमारती बांधण्याचे शास्त्र निवडले. या दोघी ख्रिस्ती आणि ललिता हिंदू. विषय वेगळे, घरची भाषा वेगळी. पण वसतिगृहात तिघी एकमेकींचा आधार झाल्या. जो दरवाजा एकीसाठी उघडला होता, तो आता तिघींसाठी उघडा झाला.

तेव्हा दुसरे महायुद्ध सुरू होते. १९४४ पर्यंत तिघीही पदवीधर झाल्या. ललिताला प्रत्यक्ष कामाचा अनुभवही घ्यायचा होता. त्यासाठी तिने बिहारमधील जमालपूरच्या रेल्वे कारखान्यात एक वर्ष उमेदवारी केली. उमेदवारी म्हणजे काम करता करता काम शिकणे. हा कारखाना १८६२ साली सुरू झालेला, इंजिनांच्या दुरुस्तीसाठी प्रसिद्ध असलेला मोठा कारखाना होता.

पदवी देण्याच्या वेळी एक गंमत झाली. उर्दूत आपण मुलासाठीही ‘वो’ म्हणतो आणि मुलीसाठीही ‘वो’ म्हणतो. मराठीत मात्र ‘तो’ आणि ‘ती’ असे दोन शब्द लागतात आणि मराठी शिकताना तुमची इथे किती गडबड होते, हे तुम्हांला ठाऊक आहेच. इंग्रजीतही ‘ही’ आणि ‘शी’ असे दोन शब्द आहेत. महाविद्यालयाच्या पदवीपत्रावर ‘ही’ हाच शब्द आधीपासून छापलेला असे. मुलगी कधी उत्तीर्ण होईल, असे छापणाऱ्यांना वाटलेच नव्हते! म्हणून ललिताच्या पदवीपत्रावर ‘ही’ हा शब्द खोडून तिथे ‘शी’ करावे लागले. शब्द अगदी लहान होता. पण तो बदलायला या महाविद्यालयाला जवळजवळ दीडशे वर्षे लागली.

शिक्षण संपले आणि ललिताबाई नोकरीला लागल्या. त्यांनी सिमला येथील केंद्रीय मानक संस्थेत काम सुरू केले. तिथे त्यांचे भाऊ राहत होते, त्यामुळे मुलीसह राहण्याची सोय झाली. नोकरी करता करता त्यांनी लंडनच्या एका अभियांत्रिकी संस्थेची परीक्षाही दिली. पुढे काही महिने त्यांनी वडिलांना संशोधनात मदत केली. विजेवर वाजणारे वाद्य, धूर न करणारी शेगडी अशा वस्तूंवर ते प्रयोग करत होते.

१९४८ साली ललिताबाई कलकत्त्याला गेल्या. तिथे असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीज या कंपनीत त्यांना अभियंत्याची नोकरी मिळाली. या शहरातही त्यांचे एक भाऊ राहत होते. भावाच्या कुटुंबात मुलीचे संगोपन झाले आणि ललिताबाई निश्चिंतपणे कामावर जाऊ शकल्या.

त्यांचे काम काय होते, हे समजून घेऊ. वीज दूर न्यायची असेल तर तिचा दाब खूप वाढवतात. दाब वाढवला की तेवढीच शक्ती कमी प्रवाहाने नेता येते. प्रवाह कमी असला की तारा कमी तापतात आणि वीज कमी वाया जाते. गावाजवळ आल्यावर उपकेंद्रात हा दाब पुन्हा कमी करतात. तार तुटली किंवा दोन तारा एकमेकींना चिकटल्या, तर तो भाग क्षणात वेगळा करणारी संरक्षक यंत्रेही बसवावी लागतात. ती नसतील तर आग लागेल, माणसे दगावतील. ललिताबाई अशा विद्युत वाहिन्यांचे आराखडे तयार करत. उपकेंद्रांची मांडणी आणि संरक्षक यंत्रे हाही त्यांच्या कामाचा भाग होता. सतलज नदीवरील भाक्रा-नांगल हा स्वतंत्र भारताचा फार मोठा प्रकल्प. त्याच्या विजेच्या यंत्रणेच्या कामातही त्यांचा वाटा होता. पुढे त्यांची कंपनी दुसऱ्या एका मोठ्या कंपनीत विलीन झाली. ललिताबाई मात्र १९७७ साली निवृत्त होईपर्यंत तिथेच काम करत राहिल्या.

त्यांच्या कामाची दखल परदेशातही घेतली गेली. १९५३ साली लंडनच्या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने त्यांना सहयोगी सदस्य म्हणून निवडले. १९६६ साली त्या पूर्ण सदस्य झाल्या. १९६४ साली न्यूयॉर्क येथे महिला अभियंत्या आणि वैज्ञानिक यांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. ललिताबाईंना तिथे आमंत्रण होते. भारतात महिला अभियंत्यांची अशी संघटना तेव्हा नव्हती. म्हणून त्या कोणत्याही संघटनेच्या वतीने नव्हे, तर स्वतःच्या नावाने गेल्या. परत आल्यावर त्या गप्प बसल्या नाहीत. दुसरी परिषद १९६७ साली इंग्लंडमधील केंब्रिज येथे होणार होती. तिच्यासाठी भारताच्या प्रतिनिधी म्हणून काम करायचे त्यांनी मान्य केले. आपल्यासाठी वडिलांनी जे केले, तेच त्यांनी इतर स्त्रियांसाठी केले.

१२ ऑक्टोबर १९७९ रोजी वयाच्या साठाव्या वर्षी ललिताबाईंचे निधन झाले. त्यांनी दुसरे लग्न केले नाही. ज्या मुलीसाठी त्या शिकल्या, तिलाही त्यांनी विज्ञानाचे उच्च शिक्षण दिले. त्यांच्या मैत्रीण थ्रेसिया १९७१ साली केरळच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या मुख्य अभियंता झाल्या.

आज अभियांत्रिकीच्या वर्गात मुली दिसतात. पण सगळीकडे त्या पुरेशा आहेत असे नाही. आय.आय.टी. या नामांकित संस्थांमध्ये मुलींची संख्या फार कमी होती, म्हणून २०१८ सालापासून तिथे मुलींसाठी वाढीव जागा ठेवण्यास सुरुवात झाली. जाहिरात देऊन मुलींना बोलावणाऱ्या सुब्बारावांचे काम वेगळ्या रूपात आजही चालूच आहे.

मुलींनो, तुमच्यापैकी कोणाला दहावीनंतर शाळा सोडावी लागेल अशी भीती वाटत असेल. कोणाला वाटत असेल, की आपण उर्दू माध्यमातून शिकलो, मोठ्या महाविद्यालयात आपला निभाव कसा लागेल? ललिताबाईंना आठवा. आणि मुलांनो, तुम्ही सुब्बारावांना आणि ललिताबाईंच्या भावांना आठवा. ललिताबाईंची जिद्द मोठी होती, यात शंका नाही. पण वडिलांनी शब्द टाकला, प्राचार्यांनी दार उघडले, मैत्रिणींनी सोबत केली, भावांनी घर दिले, म्हणून त्या जिद्दीला फळ आले. उद्या तुमच्या वर्गात एखादा नवा विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी येईल आणि शेवटच्या बाकावर एकटी बसेल. तिच्याशेजारी जाऊन बसायला पदवी लागत नाही. ते काम तुम्ही आजही करू शकता.

शब्दार्थ
आराखडा – आखून केलेली योजना, नकाशा
वसतिगृह – विद्यार्थ्यांची राहण्याची जागा, होस्टेल
पदवीपत्र – पदवी मिळाल्याचा छापील दाखला
संगोपन – पालनपोषण
दखल घेणे – लक्ष देणे, महत्त्व ओळखणे
निभाव लागणे – टिकून राहणे

स्वाध्याय
१. ललिताने डॉक्टर न होता अभियंता होण्याचे का ठरवले?
२. महाविद्यालयात मुलींसाठी जाहिरात देण्याची गरज का पडली? तिचा काय परिणाम झाला?
३. पदवीपत्रावर कोणता बदल करावा लागला? का?
४. वीज दूर नेताना तिचा दाब का वाढवतात, ते तुमच्या शब्दांत सांगा.
५. तुमच्या घरातील किंवा मोहल्ल्यातील शिकणाऱ्या एखाद्या मुलीला कोणाकोणाची मदत होते, याविषयी आठ ओळी लिहा.