खाणीतला दिवा आणि हंफ्री डेव्ही

आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. डेव्हीच्या सुरक्षा दिव्याचे नाव आम्ही परीक्षेसाठी पाठ केले होते. त्यामागचा माणूस मात्र फार उशिरा कळला.

हंफ्री डेव्ही यांचा जन्म १७ डिसेंबर १७७८ रोजी इंग्लंडमधील पेंझन्स या गावी झाला. वडील लाकडावर कोरीव काम करीत. हंफ्री सोळा वर्षांचे होण्याआधीच ते वारले आणि मुलाला एका वैद्याकडे उमेदवारीला ठेवावे लागले. कॉलेज काही नशिबात नव्हते. तरीही १८०१ मध्ये ते लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये पोहोचले आणि १८०७ मध्ये विजेच्या साहाय्याने पोटॅशियम व सोडियम ही मूलद्रव्ये त्यांनी वेगळी केली.

त्या काळी कोळशाच्या खाणीत उघड्या ज्योतीवर काम चाले. कोळशातून निघणारा मिथेन वायू हवेत साधारण ५ ते १५ टक्के मिसळला की एका ठिणगीने स्फोट होतो. २५ मे १८१२ रोजी फेलिंग येथील खाणीत असाच स्फोट होऊन ९२ जण गेले. त्यांत तुमच्या वयाची मुलेही होती.

१८१५ मध्ये डेव्हींना मदतीसाठी बोलावले गेले. अरुंद धातूच्या नळीतून ज्योत पलीकडे जात नाही, कारण धातू तिची उष्णता शोषून घेतो, हे त्यांनी प्रयोगांनी ताडले. मग ज्योतीभोवती तारेची बारीक जाळी बसवली. एका चौरस इंचात सुमारे ७८४ छिद्रे! आपल्या प्रयोगशाळेत बर्नरवर जाळी धरली की ज्योत जाळीखालीच थांबते, ती हीच गंमत. आज संशोधक पाण्याचे अतिसूक्ष्म तुषार उडवून स्फोटाची उष्णता शोषून घेण्याचे आणि त्या पाण्यात मिथेन खाणारे जिवाणू मिसळण्याचे प्रयोग करतात. ज्वाला थंड करणे हे सूत्र जुनेच आहे.

डेव्हींनी या दिव्याचे पेटंट घेतले नाही. आम्हाला हा त्यांचा मोठेपणा वाटतो. पण पुढची गोष्ट सांगितली नाही तर चरित्र अपुरे राहील. त्याच सुमारास खाणीत काम करणारे जॉर्ज स्टीफन्सन यांनीही असा दिवा बनवून, जीव धोक्यात घालून, स्वतः खाणीत तपासला होता. ते अठराव्या वर्षी वाचायला शिकले होते. अशा माणसाला हे सुचेल, हे डेव्हींना पटेना. त्यांनी चोरीचा आरोप केला आणि शेवटपर्यंत मागे घेतला नाही. ज्यांनी लोहाराच्या मुलाला, मायकेल फॅरेडेला, १८१३ मध्ये मदतनीस म्हणून घेतले आणि ज्यांची स्वतःची सुरुवातही तशीच साधी होती, त्यांनी असे वागावे याचे आम्हाला वाईट वाटते. पुढे स्थानिक लोकांनी चौकशी करून स्टीफन्सन यांना निर्दोष ठरवले व एक हजार पौंड दिले.

दिवा आला म्हणून अपघात थांबले नाहीत. जाळी गंजे, फाटे. शिवाय दिवा आहे या भरवशावर पूर्वी बंद ठेवलेल्या धोकादायक भागांतही मजूर पाठवले जाऊ लागले.

डेव्ही २९ मे १८२९ रोजी जिनिव्हा येथे वारले. तेव्हा ते ५० वर्षांचे होते.