दोनदा जळालेलं दुकान

मित्रांनो, फर्स्ट इयरचं वर्कशॉप आठवतंय? कारपेंट्री, फिटिंग झालं की स्मिथीची पाळी यायची. गोल सळईचा चौकोनी जॉब करायचा. हातात हातोडा, समोर भट्टी, डोळ्यांत धूर, आणि जॉब काही केल्या चौकोनी होत नाही. किती जणांनी तो शेवटी वर्कशॉपच्या मामांकडून पूर्ण करून घेतला, ते इथे लिहीत नाही!

पण याच भट्टी, ऐरण आणि हातोड्याच्या जोरावर एक कर्जबाजारी लोहार उभा राहिला. त्याचं नाव जॉन डिअर. हो, तोच. पुण्याजवळ सणसवाडीला ज्याच्या नावाची ट्रॅक्टरची फॅक्टरी आहे तो. गंमत म्हणजे त्याने स्वतः आयुष्यात एकही ट्रॅक्टर बनवला नाही.

जॉनचा जन्म ७ फेब्रुवारी १८०४ चा, अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात, रटलंड गावी. वडील शिंपी. जॉन चार वर्षांचा असताना ते बोटीने इंग्लंडला निघाले आणि परत आलेच नाहीत. आईने मुलांना वाढवलं. शाळा जेमतेम झाली. १८२१ साली, सतराव्या वर्षी तो मिडलबरी गावात कॅप्टन बेंजामिन लॉरेन्स या लोहाराकडे उमेदवारीला राहिला. चार वर्षं भाता ओढला, घण मारला. आपली इंजिनिअरिंगचीही चारच वर्षं, पण त्याला सबमिशन रोज होतं!

शिकून बाहेर पडला तो हात तयार करूनच. त्याने बनवलेली गवताची दाताळी आणि फावडी इतकी घासूनपुसून गुळगुळीत असायची, की गिऱ्हाईक मुद्दाम शोधत यायचं. लग्न झालं, कर्ज काढून त्याने स्वतःचं दुकान थाटलं. ते जळालं. पुन्हा उभं केलं. तेही जळालं. लोहाराच्या घरात विस्तव हाच पोशिंदा, आणि त्याच विस्तवाने घात केला. देणं वाढत गेलं. शेवटी १८३६ साली बायकोमुलांना मागे ठेवून तो एकटाच पश्चिमेला, इलिनॉय राज्यातल्या ग्रँड डिटूर या नव्या वस्तीत गेला. वय बत्तीस. जवळ थोडे पैसे आणि थोडी हत्यारं. एवढंच.

आता विचार करा, अशा आडगावी लोहाराचं दुकान थाटायला लागतं तरी काय? दगडमातीचा ओटा, त्यात विस्तवासाठी खळगा, खालून किंवा बाजूने वारा आणणारी नळी, भाता, ऐरण, सांडशी, दोन-तीन हातोडे आणि पाण्याचं पिंप. बस्स. खरी मेख विस्तवात असते. दगडी कोळसा आधी धूर सोडतो. तो जळून गेला की कोक उरतो, आणि खरं काम त्यावर होतं. म्हणून जाणता लोहार नवा कोळसा कडेला रचतो आणि हळूहळू आत ओढतो. लोखंड वाऱ्याच्या तोंडाशी धरलं तर त्यावर खपल्या धरतात, म्हणून विस्तव खोल ठेवून जॉब वरच्या भागात धरायचा. पोलादाचं तर आणखी नाजूक. जास्त तापलं की ठिणग्या उडतात आणि ते जळून वाया जातं. थर्मामीटर नाही, रंगावरून ओळखायचं.

ग्रँड डिटूरला लोहार नव्हता. सांगतात, की पोहोचल्यावर दोन दिवसांत जॉनने भट्टी उभी केली आणि कामं सुरू झाली. सगळ्यात जास्त येत ते तक्रार घेऊन आलेले शेतकरी. पूर्वेकडच्या हलक्या मातीत चालणारे ओतीव लोखंडाचे नांगर इथल्या काळ्या चिकट मातीत अडत. दर चार पावलांवर थांबून माती खरवडायची. पावसाळ्यात आपल्याकडच्या काळ्या रानातून चप्पल घालून चालून बघा, म्हणजे त्यांचं दुःख कळेल!

जॉन ऐकत होता. १८३७ साली लिओनार्ड अँड्रसच्या सॉ मिलमध्ये त्याला करवतीचं मोडकं पातं मिळालं. पोलादाचं, घासून चकाकणारं. त्याने दाते काढून टाकले, पातं तापवून वाकवलं आणि माती पलटवणारा भाग गुळगुळीत करून नांगर बनवला. माती चिकटेना, घसरून पडू लागली. ज्या गुळगुळीतपणासाठी त्याची फावडी खपत, तोच इथे कामी आला.

पोलादी नांगर त्याच्याआधी, १८३३ मध्ये, इलिनॉयमध्येच जॉन लेन या लोहारानेही केला होता. मग नाव डिअरचं का झालं? कारण तो एका नांगरावर थांबला नाही. लोहार तेव्हा ऑर्डर आली की वस्तू घडवत. हा आधी नांगर करून ठेवी आणि मग विकायला नेई. १८३९ मध्ये सुमारे १०, १८४० मध्ये ४०, १८४२ मध्ये १००! मोडकी पाती पुरेनात, तेव्हा १८४३ मध्ये त्याने थेट इंग्लंडमधल्या शेफील्डहून पोलाद मागवलं. १८३८ मध्ये बायकोमुलंही येऊन पोहोचली होती. १८४८ मध्ये तो मिसिसिपी नदीकाठी मोलिनला गेला, कारण तिथे पाण्याची शक्ती होती आणि माल न्यायला नदी. १८६८ मध्ये डिअर अँड कंपनी नोंदवली गेली. पुढे तो मोलिनचा महापौरही झाला. १७ मे १८८६ रोजी तो वारला. कंपनी ट्रॅक्टरच्या धंद्यात उतरली ती १९१८ मध्ये.

१९६२ साली ग्रँड डिटूरला उत्खनन करून त्याच्या दुकानाची जागा शोधली गेली. आज तिथे स्मारक आहे. पण दोनदा जळालेल्या दुकानाचं स्मारक कोणी बांधत नाही, आणि तिसरी भट्टी मात्र त्या राखेवरच उभी होती.

तेव्हा एटीकेटी लागली म्हणून हॉस्टेलच्या गच्चीवर तोंड पाडून बसलेल्या मित्रांनो, खाली या. आणि स्मिथीचा पुढचा जॉब मामांना देऊ नका. स्वतः करा. वाकडा झाला तरी चालेल, पुन्हा तापवता येतो!