भागाकारातला माणूस

चिंचपाड्याच्या घरी सांजेला व्होल्टेज उतरलं की कॉइलच्या शेगडीवर चहा लवकर उकळतच नाही. का, ते मला सांगता येईना. पहिल्या वर्षी इलेक्ट्रिकलचा विषय राहिला, तेव्हा जॉर्ज ओहमचं चरित्र वाचलं.

जन्म १७८९, जर्मनीतलं एर्लांगेन. वडील कुलपं बनवायचे; गणित त्यांनीच शिकवलं. मास्तरकी करत, स्वतः उपकरणं बनवून ओहमने नियम शोधला. १८२७ साली पुस्तक छापलं. कौतुक सोडाच, नोकरीही सुटली! कॉप्ले पदक मिळालं १८४१ साली, म्युनिकला प्राध्यापकी १८५२ साली. १८५४ मध्ये तो गेला.

आमची शेगडी २३० व्होल्टला ४ अँपिअर घेते. भागाकार ५७.५ ओहम, गुणाकार ९२० वॅट. व्होल्टेज निम्मं झालं की करंटही निम्मा. पॉवर मात्र चौथा हिस्सा, २३० वॅट. आईचा चहा का रखडतो ते कळलं, विषयही सुटला. मित्रांनो, उशीर झाला म्हणून उत्तर चुकत नाही!