डेव्ह आर्नेसन

डेव्हिड लान्स आर्नेसन (१ ऑक्टोबर १९४७ – ७ एप्रिल २००९) हे अमेरिकन खेळरचनाकार होते. १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या पहिल्या व्यावसायिक भूमिकाखेळाचे ते गॅरी गायगॅक्स यांच्यासह सहनिर्माते होत. भूमिकाखेळात प्रत्येक खेळाडू एक काल्पनिक पात्र चालवतो, पंच त्या जगाचे वर्णन करतो आणि संकटांचा निकाल फाशांवर लागतो. पात्राचा पेशा, म्हणजेच पात्रवर्ग, त्याची बलस्थाने व मर्यादा ठरवतो. अशा वर्गांची शक्ती समतोल कशी राखावी, या प्रश्नाचे एक आरंभीचे उत्तर आर्नेसन यांच्या घरगुती खेळात सापडते.

सुरुवातीचे जीवन

आर्नेसन यांचा जन्म अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात झाला. किशोरवयात त्यांना आईवडिलांकडून ‘गेटिसबर्ग’ हा युद्धखेळ मिळाला आणि तेव्हापासून या छंदाने त्यांना वेढले. पुढे मिनेसोटा विद्यापीठात त्यांनी इतिहासाचे शिक्षण घेतले. १९६९ साली त्यांचे सहकारी डेव्हिड वेस्ली यांनी ‘ब्राउनस्टाइन’ नावाचा प्रयोग केला. त्यात खेळाडूंकडे संपूर्ण सैन्याऐवजी एकेका व्यक्तीची भूमिका होती. ही कल्पना आर्नेसन यांनी उचलून धरली. त्याच वर्षी विस्कॉन्सिनमधील लेक जिनिव्हा येथे भरलेल्या खेळमेळाव्यात त्यांची गायगॅक्स यांच्याशी भेट झाली.

ब्लॅकमूर

१९७०-७१ च्या सुमारास आर्नेसन यांनी सेंट पॉल येथील आईवडिलांच्या घराच्या तळघरात ‘ब्लॅकमूर’ हा खेळ सुरू केला. एक किल्ला, त्याखालील भुयारे आणि भोवतालचा प्रदेश असे त्याचे स्वरूप होते. आरंभी लढाईसाठी त्यांनी गायगॅक्स व जेफ पेरेन यांच्या ‘चेनमेल’ या नियमपुस्तिकेचा आधार घेतला. मात्र त्यात एका यशस्वी घावाने पात्र संपत असे. खेळाडूंना आपल्या पात्रांचा लळा लागल्याने हे त्यांना रुचेना. तेव्हा आर्नेसन यांनी आपल्या नौकायुद्धाच्या नियमांतून प्राणगुणांची पद्धत आणली. युद्धनौका जसे अनेक तडाखे सोसते, तसेच आता पात्रही सोसू लागले. पात्रे अधिक काळ टिकू लागली, अनुभवाने बलवान होऊ लागली आणि त्यातून समतोलाचा प्रश्न उभा राहिला.

धर्मोपदेशक वर्गाची निर्मिती

ब्लॅकमूरमधील एका खेळाडूचे पात्र व्हँपायर, म्हणजे रक्तपिपासू पिशाच, बनले. ‘सर फँग’ या नावाने ओळखले जाणारे हे पात्र इतके प्रबळ झाले की इतरांना त्याच्यापुढे निभाव लागेना. त्याच्यावर उतारा म्हणून क्लेरिक, अर्थात धर्मोपदेशक, हा नवा वर्ग निर्माण झाला. माइक कार यांनी चालवलेले बिशपचे पात्र या वर्गातील पहिले होय. पंचाच्या अधिकाराने सर फँगला थेट बाद करण्याऐवजी त्याला तोडीस तोड प्रतिस्पर्धी देण्याचा हा मार्ग होता.

मात्र एका पात्राला शह देण्यासाठी घडवलेला वर्ग स्वतःच वरचढ ठरण्याचा धोका असतो. १९७४ च्या छापील नियमांत या वर्गाला घातलेल्या मर्यादा त्या दृष्टीने पाहण्याजोग्या आहेत. धर्मोपदेशकाला योद्ध्याप्रमाणे कोणतेही चिलखत चालते. पण तलवारीसारखी धारदार शस्त्रे वर्ज्य असून गदेसारख्या शस्त्रांवर भागवावे लागते. त्याला मंत्रशक्ती आहे. परंतु पहिल्या पातळीवर एकही मंत्र मिळत नाही. पिशाचांना पिटाळण्याचे सामर्थ्यही पायरीपायरीने वाढते. पहिल्या पातळीवर दोन फाशांची बेरीज ७ किंवा अधिक आल्यास सांगाडे पळतात, पण व्हँपायरवर त्याची मात्रा चालत नाही. दुसरी पातळी गाठण्यास त्याला १,५०० अनुभवगुण लागतात. योद्ध्याला २,००० व जादूगाराला २,५००. शस्त्रे, मंत्र आणि प्रगतीचा वेग यांच्या देवाणघेवाणीतून तिन्ही वर्गांना स्वतंत्र प्रयोजन मिळाले.

डन्जन्स अँड ड्रॅगन्स

१९७२ च्या अखेरीस आर्नेसन यांनी लेक जिनिव्हा येथे जाऊन गायगॅक्स यांना ब्लॅकमूर खेळून दाखवला. त्यानंतर दोघांत टिपणांची देवाणघेवाण झाली व गायगॅक्स यांनी नियमांचे लेखन केले. जानेवारी १९७४ मध्ये तीन पुस्तिकांच्या संचाच्या १,००० प्रती निघाल्या. १९७५ मध्ये आर्नेसन यांच्या नावाने ‘ब्लॅकमूर’ ही पुरवणी आली. तिच्यात मठवासी व मारेकरी हे आणखी दोन वर्ग होते.

श्रेयाचा वाद

१९७६ मध्ये आर्नेसन टीएसआर या प्रकाशन कंपनीत रुजू झाले, परंतु त्याच वर्षाच्या अखेरीस बाहेर पडले. पुढे खेळाची ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ आवृत्ती गायगॅक्स यांच्या नावाने निघू लागली. श्रेय व मानधन यांवरून आर्नेसन यांनी १९७९ मध्ये कंपनी व गायगॅक्स यांच्याविरुद्ध दावा दाखल केला. १९८१ मध्ये तडजोड झाली आणि दोघांनाही सहनिर्माते म्हणण्याचे ठरले. ब्लॅकमूरच्या बऱ्याचशा कल्पना आर्नेसन यांच्या टेबलावर आकारल्या होत्या, तर त्यांना छापील व वाचनीय रूप गायगॅक्स यांनी दिले होते. त्यामुळे कोणाचा वाटा किती, ही चर्चा अभ्यासकांत पुढेही चालू राहिली.

उत्तरायुष्य

१९८४ मध्ये आर्नेसन यांचा ओरिजिन्स पुरस्कारांच्या मानवंदना यादीत समावेश झाला. १९९९ पासून त्यांनी फ्लोरिडातील फुल सेल या संस्थेत खेळरचनेचे अध्यापन केले. विद्यार्थ्यांनी नियम स्वतः घडवून ते खेळून पारखावेत, हा त्या शिक्षणाचा गाभा होता. कर्करोगाने सेंट पॉल येथे वयाच्या ६१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या तळघरातील धर्मोपदेशक मात्र या खेळात टिकून आहे. २०१४ च्या खेळाडू-पुस्तिकेतील १२ पात्रवर्गांतही त्याचा समावेश होता.