लंगोटावरचा काळा डाग आणि भूलतज्ज्ञांचा प्रश्न

आर्चिबाल्ड गॅरॉड यांचा जन्म १८५७ मध्ये लंडनला झाला. वडील नामांकित डॉक्टर होते. मुलगाही डॉक्टर झाला, पण त्याचा ओढा रसायनशास्त्राकडे होता. रुग्णांच्या लघवीचा रंग का बदलतो, याचा त्यांनी अनेक वर्षे अभ्यास केला.

लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवरील मुलांच्या रुग्णालयात त्यांच्याकडे एक लहान मुलगा आला. त्याची लघवी हवा लागली की काळी पडत असे. या विकाराला अल्कॅप्टोन्युरिया म्हणतात. तो आतड्यातल्या जंतूंमुळे होतो, असा तेव्हाचा समज होता. १९०१ मध्ये त्याच मुलाच्या आईला पुन्हा बाळ झाले. गॅरॉड यांनी परिचारिकेला बाळाचे लंगोट जन्मापासून तपासायला सांगितले होते. तिसऱ्याच दिवशी लंगोटावर काळा डाग दिसला. विकार नंतर जडलेला नव्हता, तो जन्मजात होता.

गॅरॉड यांनी आई-वडिलांचे नाते विचारले. ते सख्ख्या भावंडांची मुले निघाले. अशा इतर काही कुटुंबांतही हेच आढळले. जीवशास्त्रज्ञ विल्यम बेटसन यांनी त्याची सांगड मेंडेलच्या आनुवंशिकतेच्या नियमांशी घातली. १९०२ मध्ये गॅरॉड यांचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये आला. एखादे विकर म्हणजे एन्झाइम शरीरात जन्मतःच नसेल तर पदार्थाचे विघटन अर्ध्यावर अडते, ही मांडणी त्यांनी १९०८ च्या व्याख्यानांत केली. काळाच्या पुढची ही कल्पना फारशी कोणी उचलली नाही.

पहिल्या महायुद्धात त्यांचे दोन मुलगे गेले. तिसरा १९१९ मध्ये इन्फ्लुएंझाने दगावला. तरी १९२० मध्ये त्यांनी ऑक्सफर्डचे प्राध्यापकपद स्वीकारले. १९३१ च्या पुस्तकात त्यांनी माणसागणिक बदलणाऱ्या शरीरातल्या रसायनाचा विचार पुढे नेला. १९३६ मध्ये त्यांचे निधन झाले. अल्कॅप्टोन्युरियात यकृतातले नेमके विकर नसते, हे १९५८ मध्ये सिद्ध झाले.

भूलशास्त्राला या विचाराचा मोठा उपयोग झाला. सक्सामेथोनियम हे स्नायू सैल करणारे औषध १९५० च्या दशकात वापरात आले. त्याचा परिणाम काही मिनिटांत ओसरतो, कारण रक्तातले एक विकर ते मोडून टाकते. ज्यांच्यात हे विकर सदोष असते, त्यांचे स्नायू तासन्‌तास सैल राहतात आणि श्वास आपोआप सुरू होत नाही. तोपर्यंत यंत्राने श्वास द्यावा लागतो आणि रुग्णाला गुंगीतच ठेवावे लागते. आधी माहीत असेल तर हे औषधच टाळता येते.

अल्कॅप्टोन्युरियाच्या रुग्णाची अडचण वेगळी असते. वय वाढते तसे काळे रंगद्रव्य सांध्यांत आणि मणक्यांच्या चकत्यांत साचते. मान ताठरते आणि श्वासनलिकेत नळी घालणे अवघड होते. पाठीचा कणा कडक झाल्याने कमरेत सुई देऊन भूल देणेही कठीण जाते. हृदयाची झडपही जाड होऊ शकते, म्हणून ती आधी तपासावी लागते.

गॅरॉड यांनी विचारलेला नात्याचा प्रश्न अहिल्यानगर जिल्ह्यातही लागू आहे. मामाच्या मुलीशी लग्नाची रीत इथल्या अनेक घरांत चालत आली आहे. नात्यातल्या लग्नामुळे रोग होतोच असे नाही. पण आई आणि वडील दोघांकडे एकच सदोष जनुक असेल, तर प्रत्येक अपत्याला विकार होण्याची शक्यता चारात एक असते.

म्हणून लोणीच्या मोठ्या रुग्णालयात असो वा तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात, शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञांना तीन गोष्टी आपणहून सांगाव्यात. घरात कोणाला शस्त्रक्रियेनंतर श्वास सुरू व्हायला फार वेळ लागला होता का, कोणाची लघवी काळी पडते का, आणि आई-वडील नात्यातले आहेत का. जुने कागद असतील तर तेही सोबत न्यावेत.