पुरुषोत्तम काशिनाथ केळकर

डॉ. पुरुषोत्तम काशिनाथ केळकर (१ जून १९०९, धारवाड – २३ ऑक्टोबर १९९०) हे भारतीय विद्युत अभियंते, अध्यापक आणि भारतीय तंत्रज्ञान संस्था, कानपूर या संस्थेचे पहिले संचालक होते. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना संगणन शिकवण्याची पद्धतशीर सुरुवात भारतात ज्या थोड्या ठिकाणी प्रथम झाली, त्यांत त्यांच्या कारकिर्दीतील कानपूरचे स्थान अग्रभागी आहे.

मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांचे शिक्षण झाले. लिव्हरपूल विद्यापीठाची पीएच.डी. मिळवल्यावर त्यांनी बंगळुरास अध्यापन केले. १९४३ मध्ये ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक झाले. पुढे पवईच्या तंत्रज्ञान संस्थेच्या उभारणीत नियोजन अधिकारी म्हणून त्यांचा मोठा वाटा होता.

कानपूर

१९५९ च्या अखेरीस ते कानपुरास गेले, तेव्हा संस्थेला स्वतःची इमारतही नव्हती. आरंभीचे वर्ग हारकोर्ट बटलर संस्थेच्या आवारात भरले. पवईला सोव्हिएत साहाय्य होते, तर कानपूरला १९६२ ते १९७२ या काळात अमेरिकेतील नऊ विद्यापीठांचे सहकार्य लाभले. तयार यंत्रे चालवणारा तंत्रज्ञ केळकरांना घडवायचा नव्हता. म्हणून विज्ञान, गणित आणि मानव्यविद्या यांना अभ्यासक्रमात भक्कम स्थान मिळाले. जो शिकवतो त्यानेच परीक्षा घ्यावी, ही पद्धतही तेथे रुजली. विद्यापीठीय परीक्षांना सरावलेल्या त्या काळात हे धाडसच होते.

ऑगस्ट १९६३ मध्ये तेथे आयबीएम १६२० हा संगणक आला. केळकर स्वतः संगणकतज्ज्ञ नव्हते. तरीही हे महागडे यंत्र मूठभर संशोधकांपुरते राखून न ठेवता विद्यार्थ्यांच्या हाती दिले गेले, हे विशेष. एनिॲक आणि ट्युरिंग यांच्या एस प्रकल्पावर काम केलेले हॅरी हस्की मार्गदर्शनासाठी आले. फोरट्रानचे अल्पमुदतीचे वर्ग बाहेरच्या शिक्षकांनाही खुले होते. व्ही. राजारामन यांच्यासारख्या अध्यापकांमुळे हा विषय विद्युत अभियांत्रिकी विभागात रुजला. परिपथ आणि प्रोग्रॅम यांचा अभ्यास त्यामुळे एकमेकांजवळ राहिला. आज पदव्युत्तर वर्गांत शिकवल्या जाणाऱ्या एम्बेडेड प्रणाली आणि पुनर्रचनाक्षम संगणन या विषयांना नेमकी हीच जोड लागते. एन. आर. नारायण मूर्ती यांनी १९६९ मध्ये येथूनच एम.टेक. पदवी घेतली.

त्याच वर्षी केळकरांना पद्मभूषण मिळाले. १९७० ते १९७४ ते पवईच्या संस्थेचे संचालक होते. कानपुरात संगणकशास्त्राचा स्वतंत्र पदव्युत्तर अभ्यासक्रम १९७१ मध्ये, म्हणजे ते तेथून गेल्यावर सुरू झाला. तेथील मध्यवर्ती ग्रंथालयास त्यांचे नाव देण्यात आले आहे.