शंकर पुरुषोत्तम आघारकर

शंकर पुरुषोत्तम आघारकर (१८ नोव्हेंबर, १८८४ – २ सप्टेंबर, १९६०) हे मराठी वनस्पतिशास्त्रज्ञ आणि पुण्यातील महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी या संस्थेचे संस्थापक-संचालक होते. ते स्वतः कवकशास्त्रज्ञ नव्हते; तथापि त्यांनी उभारलेली संस्था पुढे भारतातील कवकांच्या अभ्यासाचे एक प्रमुख केंद्र ठरली.

जीवन
आघारकरांचा जन्म मालवण येथे झाला. मालवण त्या काळी रत्नागिरी जिल्ह्यात होते. १९८१ पासून ते सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले व तेथेच त्यांनी अध्यापनही केले. सह्याद्रीत भ्रमंती करताना त्यांना गोड्या पाण्यातील एक जेलीफिश आढळली. तिची प्रजाती तोवर केवळ आफ्रिकेतून ज्ञात असल्याने १९१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या शोधाकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले गेले.

उच्च शिक्षणासाठी ते बर्लिनला आडॉल्फ एंग्लर यांच्याकडे गेले. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश प्रजाजन म्हणून त्यांना जर्मनीत स्थानबद्ध व्हावे लागले. तरीही वायव्य भारतातील शुष्क व क्षारयुक्त प्रदेशांतील वनस्पतींच्या प्रसारावर प्रबंध लिहून त्यांनी डॉक्टरेट मिळवली. कोलकाता विद्यापीठात ते वनस्पतिशास्त्राचे रासबिहारी घोष प्राध्यापक होते.

विज्ञानवर्धिनी आणि कवकशास्त्र
कवकांचा अभ्यास तेव्हा मुख्यतः शेतकी महाविद्यालये व सरकारी कृषी खाती यांत, पिकांच्या रोगांच्या निमित्ताने होत असे. कोकणातील आंब्यावरील भुरी व सुपारीवरील कोळेरोग ही अशा रोगांची परिचित उदाहरणे होत. कवकांच्या वर्गीकरणाला वाहून घेऊ इच्छिणाऱ्या पदवीधराला अन्यत्र फारसा वाव नव्हता. वयाच्या साठीनंतर, १९४६ मध्ये, आघारकरांनी विज्ञानवर्धिनीचे काम हाती घेतले आणि मूलभूत संशोधनाला पुण्यात स्वतंत्र स्थान मिळाले. प्रा. एम. एन. कामत यांनी येथे कवकशास्त्राची परंपरा रुजवली.

वारसा
१९९२ मध्ये संस्थेला आघारकरांचे नाव देण्यात आले. ती ज्या रस्त्यावर आहे, त्याला मात्र समाजसुधारक गोपाळ गणेश आगरकर यांचे नाव आहे; आडनावांतील साम्यामुळे दोघांची गल्लत होते. कवकशास्त्रज्ञ आजरेकर यांच्या नावाचा कवकसंग्रह आणि जिवंत कवकांचा राष्ट्रीय संग्रह येथे आहेत. विद्यार्थी, रोगनिदानतज्ज्ञ व औषधउद्योग यांना येथून कवकांचे नमुने आणि ओळख पटवण्याची सेवा मिळते. पुणे विद्यापीठाच्या पीएच.डी.साठीही येथे संशोधन करता येते.